न्हाणीच्या भिंतीला कोणता रंग द्यावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. अशा दिवशी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी मुलांच्या शिक्षणावर बोलते. मला चार शब्द बोलावयास सांगितले तेव्हा मनात आले की, माझी शाळा सातवीपर्यंतची, मी मोठ्या विषयावर काय बोलणार? मग म्हटले, ज्या गोष्टीशी रोज हाताने झगडावे लागते तिच्यावर बोलायला परीक्षा पास व्हावी लागत नाही. म्हणून मी विषय घेतला आहे तो न्हाणीच्या भिंतींचा आणि छताचा. हसू नका. घरात दिवाणखान्याचा रंग कोणता असावा यावर चार दिवस चर्चा होते. न्हाणीला मात्र उरलेला डबा फासतात. आणि मग आषाढ लागला की काळे डाग घासत बसायचे काम आपलेच असते. जी भिंत आपण घासतो तिचा रंगही आपणच समजून उमजून निवडावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपली आंबोली कशी आहे ते आपल्याला कोणी सांगायला नको. येथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. हा पाऊस वाहून न जाता अंगणात साठला, तर चार माणसे एकाच्या खांद्यावर नव्हे, डोक्यावर एक उभी केली तरी वरच्याचे डोके बुडेल! त्यात हवा थंड, धुके दारातून आत येते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलांना, देव्हाऱ्यातल्या पोथीला, मसाल्याच्या डब्यालासुद्धा बुरा येतो. मग ज्या खोलीत दिवसातून पाच-सहा माणसे कढत पाणी अंगावर घेतात, तिची काय कथा! त्यामुळे मुंबईच्या किंवा पुण्याच्या पाहुण्यांनी सांगितलेला रंग आपल्या न्हाणीत टिकेलच असे नाही. आपल्याला आपल्या पावसाचा विचार करूनच रंग निवडला पाहिजे.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. आमच्या सासूबाईंच्या वेळी न्हाणी घराच्या मागच्या बाजूला, घरापासून सुटी असे. खाली चिऱ्याची फरसबंदी, कमरेएवढी भिंत, वर आडोसा. पाणी तापवायची चूल तेथेच. वाफ वर निघून जाई, चुलीची धग भिंत सुकवी आणि अंघोळीचे पाणी केळीच्या आळ्यात जाई. त्या न्हाणीला छतच नव्हते, तर छताला बुरशी कोठून येणार? आता न्हाणी घरात आली, काही ठिकाणी तर निजायच्या खोलीला लागूनच आली. ती आली हे चांगलेच झाले. रात्री-अपरात्री, पावसात, बाळंतिणीला आणि म्हाताऱ्या माणसांना बाहेर जावे लागत नाही. परंतु वर स्लॅब, चारी बाजूंना सिमेंट, एक वीतभर जाळी आणि पाणी तापवायला विजेचा गिझर. त्यामुळे वाफ आली ती आतच राहिली. न्हाणी बदलली, तसा तिच्या भिंतीचा विचारही आपण बदलला पाहिजे.

ही वाफ काय करते ते पाहू. गार पाण्याचा पितळी तांब्या थोडा वेळ ठेवला की त्याच्या बाहेरून थेंब जमतात. ते थेंब तांब्यातून पाझरलेले नसतात, हवेतलेच असतात. न्हाणीचे छत म्हणजे असाच एक गार तांब्या समजा. गरम वाफ वर जाते, गार छताला लागते आणि तिचे पाणी होते. म्हणून पहिला काळा ठिपका नेहमी छताच्या कोपऱ्यात दिसतो. तेथे हवा फिरत नाही आणि पुसायला हातही पोचत नाही. हिरण्यकेशीच्या गुहेत खडकातून पाणी आलेले पाहून आपण हात जोडतो; पण तेच पाणी न्हाणीच्या छतातून टपकू लागले तर काय करावे?

येथेच मला पहिली मुख्य गोष्ट सांगायची आहे. ओल दोन तऱ्हांची असते. एक भिंतीच्या आतून येणारी, दुसरी वाफेची. आतून येणारी ओल म्हणजे स्लॅबवर साठलेले पाणी, पावसाच्या तोंडची भिंत, फुटका नळ किंवा पायातून वर चढणारे पाणी. या ओलीवर कोणताही रंग टिकत नाही. दुकानात कितीही महाग डबा घ्या, आतून पाणी ढकलू लागले की रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात, भिंतीला लोणा लागतो. फोडाला वरून मलम लावले आणि आतला काटा तसाच ठेवला, असे ते होते.

आपल्या भिंतीला कोणती ओल आहे हे घरच्या घरी ओळखता येते. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा घ्यावा. भिंत जरा पुसून कोरडी करावी आणि तो तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवावा. एक-दोन दिवस तसाच राहू द्यावा. मग पाहावे. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला थेंब असतील आणि आत कोरडे असेल, तर ती वाफ आहे. या परीक्षेला पैसा लागत नाही. पण ती केली म्हणजे रंगाचे सामान आणण्यापूर्वी गवंड्याला बोलवायचे की नाही ते कळते.

भिंतीतून पाणी येत असेल तर आधी ते थांबवावे. स्लॅबचा उतार, पन्हाळ, भेगा पाहाव्यात. आपल्या गावात आता पुष्कळांनी स्लॅबवर पत्र्याचे किंवा कौलांचे छप्पर घातले आहे, ते उगीच नव्हे. पावसाच्या तोंडच्या भिंतीला आपण ताडपत्री बांधतो तीही याचसाठी. जांभा चिरा हा सच्छिद्र दगड; तो पाणी पितो. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या एका इंग्रजी अंमलदाराने केरळात या दगडाचे वर्णन करून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. लॅटिन भाषेत 'लॅटर' म्हणजे वीट. खाणीतून ओला असताना कुऱ्हाडीने विटेसारखा कापता येतो आणि वाऱ्यावर कडक होतो म्हणून ते नाव. हा गुण आपल्या फायद्याचा आहे, परंतु त्याच दगडाने पाणी प्यायले की ते बाहेर टाकायलाही त्याला वाट हवी असते.

ही वाट ठेवणारा रंग म्हणजे आपला जुना चुना. पुष्कळ मुलींना चुना म्हणजे गरिबीचे लक्षण वाटते. मला तसे वाटत नाही. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम १६६४ साली सुरू झाले. त्या किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हाताचा व पायाचा म्हणून जो ठसा लोक भक्तीने पाहतात, तो चुन्यातच आहे. खारा वारा आणि कोकणचा पाऊस सोसून तो राहिला. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करीत, तोच घाटावर येई.

चुना न्हाणीला का चांगला? दोन कारणे आहेत. एक तर तो भिंतीचा श्वास कोंडत नाही. आत गेलेले पाणी उन्हाळ्यात त्यातून बाहेर पडते. दुसरे म्हणजे ताजा चुना इतका तिखट असतो की त्यावर बुरशी वाढू शकत नाही. पुढे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेतो आणि हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. तेव्हा भिंत टणक होते, पण तो तिखटपणा कमी होतो. म्हणून चुना दर वर्षी द्यावा लागतो. वाडवडील दर वर्षी चुना देत ते काही नुसत्या हौसेने नव्हे.

चुना कसा द्यावा तेही सांगते. कळीचा चुना घ्यावा. एक किलो कळीला सुमारे पाच लिटर पाणी लागते. विरवताना तो उकळतो, उडतो. म्हणून मुलांना दूर ठेवावे, डोळ्यांना चष्मा लावावा आणि पाण्यात कळी थोडी थोडी टाकावी. एक दिवस-रात्र तसाच ठेवून मग कापडाने गाळावा. दुधाइतका पातळ करावा. भिंत आधी पाण्याने ओली करावी आणि पातळ असे तीन हात द्यावेत. जाड एकच हात दिला तर तो वाळून झडतो. पांढरा दिसावा म्हणून थोडी नीळ घालतात, ती चालते. परंतु एक गोष्ट लक्षात ठेवा. बैठकीच्या खोलीत चुना हाताला लागू नये म्हणून त्यात डिंक, सरस किंवा भाताची पेज घालतात. न्हाणीत हे घालू नये. आपल्याला जे खायला चालते ते बुरशीलाही चालते. पेज घातलेली ओली भिंत म्हणजे बुरशीला पंगतच!

जुने गवंडी चुन्यात थोडा मोरचूद घालीत. सुपारीच्या बागांत पावसाळ्यात कोळे रोगावर जे बोर्डो मिश्रण फवारतात, तेही चुना आणि मोरचूद यांचेच असते. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, असे त्याचे प्रमाण. फ्रान्स देशात द्राक्षांच्या मळ्यांत त्याचा शोध लागला आणि १८८५ साली ते प्रसिद्ध झाले. बागेत बुरशी मारणारी वस्तू भिंतीवरही बुरशी रोखते. मात्र मोरचूद हे विष आहे. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये, स्वयंपाकाच्या भांड्यात कालवू नये, विहिरीजवळ सांडू नये. लोखंडी बादलीत तर कधीच घेऊ नये, ते बादली खाते. प्लास्टिकची बादली घ्यावी आणि ती त्याच कामाला ठेवावी. हे काम माहीतगार गवंड्याकडूनच करून घेतलेले बरे.

चुन्याची अडचणही सांगितली पाहिजे. तो अंगाला लागतो, ओल्या फडक्याने पुसता येत नाही आणि जेथे आधी ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट दिला आहे तेथे धरत नाही. तेव्हा साध्या चिऱ्याच्या किंवा चुन्याच्या गिलाव्याच्या जुन्या न्हाणीला चुना. आणि सिमेंटचा गिलावा, अर्ध्या भिंतीपर्यंत फरशी, वर स्लॅब अशा नव्या न्हाणीला दुसरा रंग, असा भेद करावा.

आता त्या दुसऱ्या रंगांविषयी. दुकानात चार तऱ्हा मिळतात.

पहिला डिस्टेंपर. तो स्वस्त असतो, दिसायला छान असतो. परंतु वाफेच्या खोलीत तो नको. सुक्या पुडीचा डिस्टेंपर तर पाणी लागताच हातावर येतो. कपड्यांच्या खोलीला तो ठीक.

दुसरा ऑइल पेंट. तो चकचकीत असतो, पुसता येतो, म्हणून बायांना आवडतो. लाकडी दाराला आणि लोखंडी खिडकीला तो द्यावा. भिंतीला मात्र जपून. तेल आणि तिखट क्षार एकत्र आले की साबण होतो, हे घरी साबण केलेल्या बायांना ठाऊक आहे. नवा सिमेंटचा गिलावा असाच क्षाराचा असतो. त्यावर लगेच ऑइल पेंट दिला की भिंतीवर तोच प्रकार घडतो. रंग चिकट होतो, मऊ पडतो आणि सोलून निघतो. आमच्या वाडीतील एका घरी चवथीच्या आत काम संपवायचे म्हणून कंत्राटदाराने गिलावा होऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच ऑइल पेंट लावला. गणपती बसले त्या दिवशी न्हाणी आरशासारखी होती. दसऱ्याला तीच भिंत भाजलेल्या पापडासारखी झाली. घरधनिणीने वर्षभर साठवलेले पैसे त्यात गेले. शिवाय ऑइल पेंट ओल कोंडून धरतो, म्हणजे आतले पाणी दुसरीकडून, बहुधा निजायच्या खोलीच्या भिंतीतून वाट काढते.

तिसरा साधा प्लास्टिक पेंट, ज्याला दुकानात इमल्शन म्हणतात. हा पाण्यात कालवतात, वास कमी येतो, लवकर वाळतो. आणि चौथा त्याचाच भाऊ, बुरशीरोधक औषध घातलेला, ओल्या खोल्यांसाठी केलेला इमल्शन. सिमेंटच्या गिलाव्याच्या न्हाणीला आणि विशेषतः छताला हाच घ्यावा. डब्यावर दोन गोष्टी वाचाव्यात किंवा मुलांकडून वाचून घ्याव्यात. घराच्या आत वापरण्यास योग्य असे लिहिले आहे का, आणि बुरशीविरोधी असे लिहिले आहे का. बाहेरच्या भिंतीचा रंग अधिक टिकतो म्हणून काही जण तोच आत लावतात. त्यात औषध अधिक असते आणि तो मोकळ्या हवेसाठी केलेला असतो. बंद खोलीत, लहान मुलांच्या नाकापुढे, तो नको.

चमक किती असावी? अगदी मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग पाणी धरून ठेवतो आणि घासला की डाग पडतो. फार चकचकीत असेल तर छतावरचे थेंब टपटप खाली पडतात आणि गिलाव्याची प्रत्येक उंच-सखल जागा दिसते. म्हणून मधली चमक घ्यावी. दुकानदार तिला सॅटिन म्हणतात. आणि रंग पांढरा किंवा अगदी फिका असावा. गडद रंगात बुरशी लपते आणि वाढल्यावर दिसते. पांढऱ्यात पहिला ठिपका दिसतो आणि तो तेव्हाच पुसता येतो. शिवाय आपल्याकडे चार महिने सूर्यदर्शन दुर्मिळ. फिक्या रंगाने न्हाणीत उजेड राहतो आणि म्हातारी माणसे घसरत नाहीत.

रंग किती आणावा याचाही हिशेब आपणच करावा. समजा न्हाणी ७ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे आणि फरशी ६ फुटांपर्यंत आहे. चारी भिंतींचा घेर २४ फूट. फरशीच्या वर ३ फूट राहिले, म्हणजे ७२ चौरस फूट. छत ३५ चौरस फूट. एकूण १०७. साध्या गिलाव्यावर दोन हात द्यायला साधारण २ लिटर पुरतात. मोठा डबा घेऊन उरलेला कोठे फासू, हा प्रश्नच नको.

खरे काम रंगाच्या आधीचे असते. जुना पापुद्रा खरवडून काढावा. आधीचा चुना असेल तर तो पुरता घासून काढावा. चुन्यावर इमल्शन दिला की तो चुन्यासकट सुटतो. लांबी भरायची तर खडू-सरसाची नको, पांढऱ्या सिमेंटची असावी आणि तीही पातळ. छताला पीओपीची नक्षी तर न्हाणीत मुळीच करू नये, ते ओलीने मऊ पडते. मग अस्तराचा एक हात, म्हणजे प्रायमर, आणि तो वाळल्यावर रंगाचे दोन हात.

बुरशी काढताना भिंत आधी ओली करावी, नाहीतर कोरड्या ब्रशाने तिची पूड उडून नाकात जाते. तोंडाला फडके बांधावे. दुकानात कपड्यांसाठी मिळणारे पातळ ब्लीच, १६ भाग पाण्यात १ भाग, असे लावून थोड्या वेळाने धुवावे, जाळी उघडी ठेवावी. आणि हे मी मोठ्याने सांगते, ब्लीच आणि संडास धुवायचे अ‍ॅसिड एकत्र कधीही करू नये, एकापाठोपाठ एकही टाकू नये. त्यातून विषारी वायू निघतो. लहानशा न्हाणीत दार लावून काम करणाऱ्या बाईचा जीव त्याने धोक्यात येतो.

जुन्या दारा-खिडक्यांचा ऑइल पेंटही कोरडा घासू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. ते पोटात गेले की लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो. आपल्या सरकारने २०१६ साली नियम केला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे असू नये असे बंधन घातले. म्हणून नवा डबा घेताना शिसे नसल्याची खूण पाहावी आणि जुना रंग काढताना पाणी मारून, मुलांना दुसऱ्या घरी पाठवून काढावा.

कोणी म्हणेल, एवढे कशासाठी? चार डाग असले म्हणून काय बिघडले? माझ्या धाकट्या जावेचा मुलगा दर पावसाळ्यात रात्री खोकत असे, छातीतून शिटीसारखा आवाज येई. आम्ही तुळशीचा काढा दिला, ओवा शेकला. डॉक्टरांनी औषध लिहून दिले आणि मग पहिला प्रश्न विचारला, मूल निजते त्या खोलीच्या भिंतीला ओल आहे का? न्हाणीची भिंत त्याच्या उशाशी होती. तिचा गळका नळ बदलला, भिंत खरवडली, उन्हाळाभर सुकू दिली आणि मग रंग दिला. मूल औषध घेतेच, पण पुढच्या पावसात रात्र रात्र बसून काढावी लागली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांवर एक पुस्तक काढले. त्यातही ओल्या, बुरशीच्या घरात खोकला आणि दमा यांचा त्रास अधिक आढळतो, असे म्हटले आहे. म्हणजे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

आणि दिसण्याचाही आहेच. आपल्यापैकी पुष्कळजणी आता धबधबा पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना खोल्या देतात. पाहुणा जेवणाची स्तुती करतो, पण न्हाणीच्या छताकडे एकदा पाहतो आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे उतरतो. त्यातून हे पाहुणे चिंब भिजून येतात आणि सगळे कपडे न्हाणीतच टांगतात. त्यांच्यासाठी पडवीत एक दोरी बांधून ठेवावी. तेवढ्यानेही छत पुष्कळ वाचते.

रंग देऊन झाल्यावरची निगा सोपी आहे. अंघोळ झाली की रबरी पट्टीने भिंत आणि जमीन निपटून काढावी. वाफ बाहेर टाकणारा पंखा असेल तर तो नंतरही थोडा वेळ चालू ठेवावा. कोणी विचारते, बाहेर धुकेच धुके, मग पंखा लावून काय उपयोग? उपयोग आहे. बाहेरची हवा ओली असली तरी थंड असते. कढत वाफेने भरलेल्या हवेइतके पाणी तिच्यात मावतच नाही. वाफ गेली आणि ती हवा आली तरी भिंत लवकर सुकते. आठवड्यातून एकदा लांब काठीला फडके बांधून छताचे कोपरे पुसावेत. बुरशीरोधक औषधाचा गुणही काही वर्षांनी ओसरतो. तेव्हा एकदा दिलेला रंग जन्माला पुरेल अशी आशा धरू नये.

शेवटी रंग केव्हा द्यावा. आपल्याकडे चवथीसाठी रंग काढण्याची चाल आहे. गणपती घरी यायचे म्हणून सगळे घर उजळायचे, हे योग्यच आहे. परंतु चवथ येते भाद्रपदात आणि रंगारी येतो श्रावणात, म्हणजे भर पावसात! तेव्हा आंबोलीची भिंत कोरडी कोठून असणार? ओल्या हवेत इमल्शन नीट वाळत नाही. त्याच्यावर चिकट पिवळट ओघळ येतात. म्हणून गिलाव्याचे काम थंडीत करावे, भिंत सुकू द्यावी आणि शिमग्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत रंग काढावा. वळीव यायच्या आत काम संपते. रंग दिल्यावर चार-पाच दिवस त्या न्हाणीत कढत पाण्याची अंघोळ करू नये. शेजारणीची न्हाणी मागून घ्यावी. त्यात लाज कसली?

आणि त्यावरूनच माझी एक सूचना आहे. भातलावणीला आपण सावड करतो. आज तुझे शेत, उद्या माझे. तशीच सावड न्हाणीची का करू नये? मंडळाने एक चांगली शिडी, दोन-तीन ब्रश आणि खरवडण्या घ्याव्यात. चुना आणि रंग सर्वांचा मिळून सावंतवाडीहून एकदम आणावा, म्हणजे भाड्याचा खर्च वाटला जाईल. गवंड्याचे काम असेल तेथे गवंडी बोलवावा; खरवडणे, धुणे, अस्तर आणि रंग आपण चौघी-पाचजणी मिळून एका दिवसात करू शकतो. ज्या घरी एकटी म्हातारी राहते तिचे घर आधी घ्यावे, तिला छत पुसायला शिडीवर चढता येत नाही. कोणाकडे कोणती ओल आहे ते पाहायला प्लास्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी या दिवाळीनंतर प्रत्येकीने लावावी आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येताना काय दिसले ते सांगावे. वाण म्हणून या वर्षी कुंकवाच्या करंड्याऐवजी एकेक रबरी पट्टी लुटली तरी माझी हरकत नाही!

भगिनींनो, मी फार वेळ घेतला. आधी पाणी कोठून येते ते शोधा, मग भिंत सुकू द्या, आणि मगच भिंतीच्या जातीला मानवेल तो रंग द्या. जुन्या श्वास घेणाऱ्या भिंतीला चुना, नव्या सिमेंटच्या भिंतीला आणि छताला बुरशीरोधक इमल्शन. शिमग्यानंतर शिडी प्रथम कोणाच्या घरी न्यायची, त्यांची नावे आज चहापाण्याच्या वेळी चिटणीसबाईंकडे द्यावीत, अशी विनंती करते.